चेअरमनचं जादा मत

डावा तळहात छातीपुढे आडवा धरायचा, मान जराशी वळवायची आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत म्हणायचं, "विषय नामंजूर." आमच्या गावच्या दूध संस्थेच्या चेअरमननी जन्मभर एवढंच काम केलं, असं मला वाटायचं. चहात साखर जास्त पडली, नामंजूर. सुनेनं माहेरी जायचं काढलं, नामंजूर. पुतण्याच्या लग्नात बँड लावायचा का, यावर त्यांनी भावकीत हात वर करून मतं घेतली आणि निकाल आवडला नाही म्हणून तोही नामंजूर केला. असा एक माणूस तुमच्याही गावात असेलच.

आधीच सांगते, मला ते मुळीच आवडत नसत. त्यांनाही मी आवडत नसे. चकलांब्याच्या बाजूला, सासरच्याच खेड्यात मी प्राथमिक शाळेवर होते. दुष्काळाचं वर्ष. गुरं छावणीला गेलेली, म्हणून गावात दूध नाही, आणि दूध नाही तर दूध संस्था कशाची? तरी चेअरमन रोज सकाळी संस्थेचं शटर उघडत, रिकामे कॅन पुसून ओळीत मांडत आणि पुढ्यात खुर्ची टाकून बसत. शाळेतल्या पोरानं कॅनला हात लावला की त्याच्या आज्यापणज्यापर्यंत पोचत. मग मी भांडायला जाई. गावाला तेवढीच करमणूक होती.

त्या वर्षी टोळ्या ऊसतोडीला निघाल्या तेव्हा आईबाप मुलांनाही ट्रकवर चढवू लागले. पोर ट्रकवर चढलं की शाळेतून गेलंच समजा. मी मुलांना म्हटलं, आजीजवळ राहा, संक्रांत झाली की आपण सायकलींवर सहल काढू. डांबरी सोडून, पांदणीनं आणि गाडीवाटेनं, मुक्काम करत करत नारायणगडापर्यंत. तिसरी-चौथीतली मुलं ती, रडून, आदळआपट करून मागं राहिली. आता सहल झाली नाही तर ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी पुन्हा गावात येईल तेव्हा आज्या त्यांना पाठवून देणार, आणि नंतर माझ्या शब्दावर कुणी थांबणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तयारी जोरात चालली होती. निम्म्या मुलांचे पाय सीटवरून पोचत नसत, ती दांड्याखालून पाय घालून चालवत. संध्याकाळी नदीच्या कोरड्या पात्रात सराव करायचा आणि सकाळी बघावं तर सराट्याच्या काट्यांनी ट्यूबांची चाळण झालेली. मी पंक्चर काढायला शिकले. अडत होतं फक्त पाण्यापाशी. वाटेतल्या गावांना निरोप धाडायचा असं मी ठरवलं होतं, लेकरांना पाणी कोण नाही म्हणतं? जोडीला असावेत म्हणून चेअरमनकडे दोन कॅन मागितले.

"कॅन संस्थेचे हायेत बाई. सहलीचे न्हाईत. विषय नामंजूर."

"रिकामेच तर पडलेत."

"रिकामे हायेत म्हून वाटत सुटू व्हय?"

एवढ्यावर थांबले असते तर ते चेअरमन कसले. घरोघर जाऊन आज्यांना सांगून आले, "बाई पोरं तहानेनं मारनार." दुसऱ्या दिवशी तीन मुलांची नावं कमी झाली. मी तरातरा संस्थेत गेले आणि चार माणसांदेखत त्यांना 'दुधावाचूनचे चेअरमन' म्हणाले. ते चिडले नाहीत. वाटेतली गावं कोणती तेवढं विचारलं.

"त्या समद्या गावांला टँकर चौथ्या दिशी येतो," ते म्हणाले. "तुमची पोरं दारात हुबी राह्यली की बाया घागर उपडी करतील. जीव गेला तरी न्हाई म्हननार न्हाईत. मग त्यांच्या पोरांनी काय प्यायचं?"

"मग तुम्हीच सांगा काय करायचं."

"मी कावून सांगू? माझा विरोध हाय."

बोलणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

माझ्या सासूबाईंच्या पश्चात त्यांचा संस्थेतला शेअर माझ्या नावावर झाला होता. सहलीला दोन कॅन द्यावेत, या विषयावर मी सभासद म्हणून सभा मागितली. आता सभा म्हटलं की या माणसाला राहवतंय थोडंच. त्यांनी रीतसर नोटीस लावली. सभेच्या दिवशी मी आणि ते, दोघंच. बाकीचे सभासद कुणी उसाच्या फडात, कुणी छावणीत. चेअरमन रिकाम्या सतरंजीकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "गनपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब." मग अर्धा तास आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, असा नियम आहे.

"बाजूनं?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला. "विरोधात?" त्यांनी स्वतःचा हात वर केला.

"समसमान झालं. आता चेअरमनचं जादा मत." त्यांनी वर केलेला हात खाली घेतला. "सभासद म्हून माझा विरोध कायम हाय. चेअरमन म्हून मंजूर. पन अट हाय. कुनाच्या दारात पानी मागायचं न्हाई. दिलं तरी घ्यायचं न्हाई. अन कॅनसंगं मी येनार. तुमच्यावर माझा इस्वास न्हाई."

चेअरमन सोबत आहेत म्हटल्यावर कमी झालेली तिन्ही नावं परत आली. हे मला फार लागलं.

आमच्या गुरांच्या छावणीवरच्या टाकीतून भरलेले कॅन लुनाच्या दोन्ही बाजूंना लटकावून ते पुढे, मागे धुरळ्यात मुलं, शेवटी मी. "उताराला पायडल कावून मारतो बे?" असं ओरडणं दिवसभर चालू. पाणी ते मोजून देत. ज्यानं सांडलं, त्याला पुढच्या थांब्यापर्यंत घोटभर नाही. यावरून पहिल्या दिवशी आम्ही दोनदा भांडलो आणि शाळेच्या ओसरीवर मुक्काम पडला तेव्हा तिसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी एका गावाबाहेरच्या वस्तीवरून जाताना एक बाई हंडा-तांब्या घेऊन वाटेवर आली. लेकरं बघून तिला कौतुक वाटलं असावं, हसत होती. मुलं थबकली. चेअरमननी लुना मध्ये घातली.

"नगं बाई. आमचं आमच्याजवळ हाय. आत न्या."

तिचं हसू गेलं. "आमच्या हातचं चालत न्हाई व्हय, दादा?" ती हळूच म्हणाली.

ती वस्ती गावकुसाबाहेरची होती. तिथल्या माणसानं पुढं केलेलं पाणी नाकारलं की त्याचा अर्थ जात असाच होतो, आणि तो तिनं जन्मभर पाहिला असणार. अट घालताना चेअरमनच्या डोक्यात टँकर होता, जात नव्हती. माझ्याही डोक्यात नव्हती. आम्हा दोघांना ते सुचलंच नाही, कारण आमच्या हातचं पाणी कधी कुणी नाकारलं नव्हतं.

चेअरमनचा चेहरा पडला. त्यांनी लुना स्टँडला लावली, तिच्या हातातला तांब्या घेतला, ओठाला लावला आणि सगळा प्याले. मग मुलांना म्हणाले, "प्या रे." प्रत्येक मुलानं तिच्या हंड्यातलं पाणी घेतलं. मीही घेतलं. हंडा तळाला गेला तसा त्यांनी एक कॅन सोडला.

"हंडा धर."

"नगं दादा, मी त्याच्यासाठी न्हाई दिलं."

"मी लई भांडखोर मानूस हाय. ह्या बाईंना इचार. धर गुमान."

तिनं हंडा धरला. भरल्यावर म्हणाली, "बसा तरी घडीभर."

"येळ न्हाई," म्हणत ते लुनाचं पायडल मारू लागले. लुना सुरू होईना. मला त्या क्षणी या माणसाबद्दल माया वाटली, आणि ती वाटल्याचा रागही आला.

एक कॅन रिकामा झाल्यानं पुढे पाणी कमी पडलं. ते एकटेच लुना घेऊन मागं गेले, कुठल्याशा छावणीवर हुज्जत घालून कॅन भरून आणला. आल्या आल्या मला म्हणाले, "मी म्हनत व्हतो तेच झालं. पानी कमी पडलं." मी म्हटलं, "खरं आहे." ते त्यांना आवडलं नाही.

सहल पार पडली. त्या हंगामात एकही मूल मुकादमाच्या गाडीत बसलं नाही. पुढच्या वर्षी तर आईबापच निघताना विचारू लागले, "बाई, औंदा सायकली हायेत ना?" मधल्या उन्हाळ्यात मात्र चेअरमन गेले. ऊन लागल्याचं निमित्त झालं.

पाऊस त्या साली बरा झाला होता. मी मुलांना घेऊन त्याच गाडीवाटेनं निघाले. वस्तीपाशी ती बाई वाटेवरच उभी होती. लिंबाखाली तिनं घोंगडी अंथरली होती.

"ते भांडखोर दादा मागून येत्यात का?" तिनं विचारलं. "मागल्या खेपंला बसले न्हाईत. औंदा हापशाला पानी हाय. औंदा येळ न्हाई म्हनू देनार न्हाई."

मी सांगितलं. तिनं हातातला तांब्या माझ्यापुढे धरला. मुलांनी हापशाकडे धाव घेतली होती, तिथं ढकलाढकली चालली होती. त्यांच्यावर ओरडायला कुणी नव्हतं.

"तुमी तरी बसा," ती म्हणाली.

त्या माणसाशी मी इतकी वर्षं भांडले, पण त्याच्यासाठी टाकलेल्या घोंगडीवर मला बसवेना. मी शेजारी मातीत बसले आणि तांब्या तोंडाला लावला.