चंद्रीनं खाल्लेली चार धाटं

इसमाचे नाव: बायनाबाई बेवा सिताराम. वय: अंदाजे चाळीस, जन्मतारखेबाबत इसम खुलासा करू शकत नाही. धर्म: बौद्ध. राहणार: मौजे बोरपिंपळी, पालमजवळ, जिल्हा परभणी. बांधा: सडपातळ. ओळखीची खूण: डाव्या करंगळीचे नख दगडाखाली सापडून गेलेले. स्थावर मालमत्ता: निरंक. धंदा: मजुरी, तसेच सरकारी गायरानात विनापरवाना शिरून पीक घेणे. सदर गायरानाचे वर्णन: दगडाळ, लागवडीस अयोग्य.

असा कागद कुठल्याही कचेरीत सापडणार नाही. सापडला असता तर बायनाबाईचं सगळं काम एका दिवसात झालं असतं आणि ही हकीकत लिहायची गरज उरली नसती. एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात तिला एकच गोष्ट हवी होती. आपण कायदा मोडलेला आहे, आणि तो बऱ्याच वर्षांपासून नेमानं मोडत आलो आहोत, हे सरकारनं एकदा मान्य करावं.

गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. बोरपिंपळीचं गायरान ओढ्याला लागून होतं. सत्तर सालाच्या आसपास, नवरा गेल्यावर, बायनाबाईनं त्यातला ओढ्याकडचा एक तुकडा वाहायला सुरुवात केली. शेजारची पट्टी तिचा दीर नागनाथ यानं धरली. दोघांनी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं हे त्यांना माहीत होतं, आणि माहीत असलेलं उत्तर ऐकायला तहसिलीपर्यंत जाणं म्हणजे एक रोज बुडवणं.

चोरून शेती करणं हे साध्या शेतीपेक्षा अवघड कसब आहे. साधा शेतकरी पीक वाढवतो. चोरून कसणाऱ्याला पीक वाढवावंही लागतं आणि ते काढल्यावर तिथं काही नव्हतं असंही दाखवावं लागतं. या बाबतीत नागनाथ फार कडक होता.

"वैनी, खून ठिवायची न्हाई," तो दर हंगामाला बजावायचा. "झाड लावायचं न्हाई, बांध घालायचा न्हाई. सायब आला तर त्याला वाटाया पायजे का हितं फकस्त वारं राहतंय."

त्यामुळं ज्वारी काढली की धसकटंसुद्धा उपटून चुलीला जायची. नांगर खोल घालायचा नाही. रानात दगड तर पायापायाला. ते वेचून बांधावर रचावेत ही जगाची रीत. पण दगडांचा ढीग दिसला की कुणीतरी ते वेचले हे दिसतं. म्हणून बायनाबाई पाटीपाटीनं दगड वेचून ओढ्यात नेऊन टाकायची. करंगळीचं नख त्याच कामात गेलं. आणि बांध नसल्यामुळं दर पावसाळ्यात तिची मातीही त्याच ओढ्यात, दगडांच्या मागोमाग जायची.

बांध कसा घालावा हे तिला येत नव्हतं असं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर तिनं दत्तराव पाटलांच्या शेतात चांगले लांबलचक बांध घातले होते. पाटलांची माती जागेवर राहिली. बायनाबाई एकदा नागनाथला म्हणाली, "औंदा आपल्यात बी एक घालू की. निदान खालच्या अंगाला."

"आपल्यात म्हंजे? आपलं हाय का ते?"

उद्या कुणी हुसकावलं तर बांध काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही.

तलाठ्याच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. अतिक्रमण नोंदवलं की ते हटवावं लागतं, आणि हटवायचं तर गायरानापर्यंत उन्हात चालावं लागतं. नऊ वर्षं ही व्यवस्था दोन्ही बाजूंना सोयीची गेली.

मग एकोणऐंशीच्या आरंभी नागनाथ पालमच्या बाजारातून पळतच आला. एस. टी. गावापर्यंत येत नव्हती. फाट्यापासूनचं सगळं अंतर तो धावला असावा, कारण बोलायला लागला तेव्हा आधी छातीतून नुसतीच शिट्टी वाजली.

"वैनी! ऐकलं का? सरकारनं ठराव केलाय! जे भूमिहीन गायरान कसायलेत, मागच्या मार्चच्या आधीपासून, त्यांच्या नावावर करायलेत!"

"कुनाच्या नावावर?"

"आपल्या! तुमच्या! सातबाऱ्यावर नाव! आता चोरी लपवायची न्हाई वैनी, केलेली चोरी दावायची!"

गल्लीत एकच गलका झाला. कुणी गूळ आणला. आदल्या पावसाळ्यात, नामांतराच्या दंगलीत, मराठवाड्यात कुठं कुठं काय जळलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोरपिंपळीत जळलं नव्हतं, पण रात्री झोप कुणाला नव्हती. त्या गल्लीत इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा लोक मोठ्यानं हसत होते. बायनाबाई तेवढी गूळ हातात धरून उभी होती.

"भावजी," ती म्हणाली, "दावायची म्हंजे काय दावायचं?"

नागनाथ बोटं मोजू लागला. झाड नाही, बांध नाही, दगडांचा ढीग नाही, धसकट नाही. नऊ वर्षं त्यानं स्वतः जातीनं लक्ष घालून एकही खूण राहू दिली नव्हती. तो तिथंच ओट्यावर बसला. "लय इमानदारीनं केलं वो वैनी आपण," एवढंच म्हणाला.

खरं म्हणजे एक खूण राहिली होती, पण ती रानात नव्हती. ती दत्तराव पाटलांच्या डोक्यात होती.

झालं होतं असं. पंच्याहत्तर साली, दिवाळीच्या तोंडावर, ज्वारी कणसात असताना दत्तरावांची म्हैस गायरानात शिरून बायनाबाईचं पीक खाऊ लागली. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिचं नाव चंद्री. दत्तरावांचा तिच्यावर फार जीव. नागनाथ म्हणाला, गुपचूप हाकलून द्या. बायनाबाईनं म्हशीला दोर लावला आणि गावातून, चावडीसमोरून, भर दुपारी नेऊन कोंडवाड्यात घातली. कोंडवाडा म्हणजे दुसऱ्याच्या पिकात घुसलेल्या गुरांचा तुरुंग. गुरांसाठी राखलेल्या रानात जनावर चरलं म्हणून ते कोंडवाड्यात गेल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं. कोतवाल मुंजाजी इतका गोंधळला की त्यानं दार उघडून म्हैस आत घेतली. दत्तराव त्या दिवशी परभणीला गेले होते. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तर चंद्री कुंभाराच्या गाढवाशेजारी उभी.

दत्तराव तक्रार घेऊन तलाठ्याकडं गेले. तलाठी म्हणाला, लेखी द्या. पण ही गोष्ट लिहिण्यात दत्तरावांना गोडी नव्हती, सांगण्यात होती. बाजारात, लग्नात, पूर्णेच्या गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, त्यांनी ती सांगितली. चंद्री पुढं म्हातारी होऊन मेली. गोष्ट मेली नाही.

एप्रिलात गिरदावर साहेब पाहणीला आले. गिरदावर म्हणजे तलाठ्यांवरचा अधिकारी. हा माणूस घामाघूम, सायकलवर मागं बसून आलेला, आणि परतायच्या घाईत. अर्धा गाव गायरानात जमला. गिरदावरनं रान नजरेखालून घातलं. वारं होतं. वाऱ्याखेरीज काही नव्हतं.

"इथं पीक घेता?"

"व्हय सायब. नऊ वर्सं," बायनाबाई म्हणाली.

"दिसत तर नाही. पुरावा काही? दंडाची पावती? तलाठ्याची नोंद?"

तलाठी आभाळाकडं पाहू लागला.

"साक्षीदार?"

"आमी हाव की," नागनाथ म्हणाला.

"तुम्ही घरचेच."

तेवढ्यात दत्तराव पुढं आले. "सायब, हे गायरान हाय. ह्यांना वाटून टाकल्यावर गावच्या गुरांनी काय वारं खायचं का? हितं आजपतोर कुनी नांगर घातला न्हाई. पाच पंच सांगतील." मागं उभ्या चार-पाच जणांनी माना हलवल्या. गुरांचा मुद्दा रास्तही होता. गिरदावरनं पेनचं टोपण लावलं. त्या टोपणाचा आवाज बायनाबाईनं ऐकला. ते एकदा खिशात गेलं की पुन्हा निघणार नव्हतं, आणि रान गेलंच.

तिनं पदर नीट केला आणि अगदी पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारलं, "पाटील, चंद्री कशी हाय?"

नागनाथनं डोळे मिटून घेतले. दत्तरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"चंद्रीचं नाव काडू नगंस बायने! सायब, बगा, ही मला इचारायली चंद्री कशी हाय! हिला इचारा, चंद्रीला कोंडवाड्यात कुनी घातलं?"

"चंद्री कोण?" गिरदावर दचकला.

"म्हस माझी! गरीब जनावर! अख्खी रात गाढवाशेजारी हुबी, सायब, कुंभाराच्या गाढवाशेजारी!"

"पण का घातली?"

"का म्हंजे? चार धाटं खाल्ली म्हनून!"

"कशाची?"

"ज्वारीची!"

"कुणाच्या?"

"हिच्याच की!"

मागं माना हलवणारे माना हलवायचे थांबले. बायनाबाई हळूच म्हणाली, "चार कशाची पाटील, आर्दं रान खाल्लं की तिनं. केवढंसं रान ते."

यानंतर दत्तरावांना आवरणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. "आर्दं? अगं केवढंसं म्हनतीस? सायब, या, तुमाला दावतो!" ते धोतराचा सोगा धरून चालू लागले, मागं गिरदावर, मागं तलाठी, मागं गाव. "ह्या ओढ्यापासून ज्वारी! तितून त्या हिवराच्या झाडापतोर! पुरुषभर उंच! आन् तिकडं नागनाथची येगळी, त्या टेकाडापतोर! आता सांगा सायब, येवढ्या थोरल्या रानात चार धाटांनी काय हुतंय? आन् तेवढ्यापायी मुक्या जनावराला कैद?"

म्हशीचा गुन्हा जितका लहान करायचा, तितकं रान मोठं करणं भाग होतं. दत्तरावांनी ते मनापासून मोठं केलं. हिवराचं झाड बायनाबाईच्या खऱ्या हद्दीपासून चांगलं पंधरा-वीस पावलं पलीकडं होतं. ती काही बोलली नाही.

"साल कोणतं?" टोपण पुन्हा निघालं होतं.

"पंच्याहत्तर, दिवाळी. ह्या मुंजाजीला इचारा!"

"व्हय सायब," कोतवाल म्हणाला, "मीच कोंडली. लय वराडत हुती."

"लिहून घेऊ का हे?" गिरदावरनं विचारलं. त्याच्या बाजूनं सांगायचं तर त्यानं अगदी स्पष्ट विचारलं.

"लिवा!" दत्तरावांचा आवाज भरून आला. चार वर्षं ते ज्याची वाट पाहत होते ते सरकार अखेर समोर उभं राहून ऐकत होतं. "समदं लिवा. गाढवाचं बी लिवा."

पंचनामा झाला. त्यात चतुःसीमा आली, पीक आलं, साल आलं, गाढव आलं. दत्तरावांनी खाली ठसठशीत सही केली. पंचांनीही केल्या, ही गोष्ट त्यांना तोंडपाठ होती, नाही म्हणणार कसे? नागनाथ गर्दीच्या बाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय असं समजून कुणीतरी त्याला पाणी दिलं.

दत्तराव घरी गेले तेव्हा बायको नर्मदाबाईनं विचारलं, काय झालं. त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत भाकरी थापत होती. मग थांबली.

"म्हंजे रान तिचं झालं की वो."

दत्तरावांनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं.

"पर गाढवाचं लिवलंय," ते म्हणाले.

पावसाळ्याच्या आधी हुकूम आला. सातबाऱ्यावर नाव लागलं: बायनाबाई बेवा सिताराम. शेजारच्या पट्टीला नागनाथचं लागलं. खाली अटी होत्या. विकायची नाही, गहाण टाकायची नाही. तिनं त्या वाचून घेतल्या आणि म्हणाली, "इकायचं कुनाला हाय?" मग ती नागनाथला घेऊन ओढ्यात उतरली. नऊ वर्षं पाटीपाटीनं टाकलेले दगड तिथंच होते. गाळात निम्मे बुडालेले, पण ओळखू येत होते. ते सगळे एकेक करून वर आणायचे होते. खालच्या अंगाला, उताराला आडवा, बांध चढू लागला. नागनाथ कुरकुरला, "हेच दगड येकदा न्हेले, आता पुन्हा आनायचे."

"तवा लपवायचं हुतं, भावजी. आता दावायचंय."

बांधाच्या टोकाला तिनं एक चिंच लावली. चिंचेला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात. नऊ वर्षांत तिनं आठ-दहा महिन्यांपुढचं काही लावलं नव्हतं.

एक दिवस दत्तराव वाटेनं जाताना थांबले. बराच वेळ पाहत राहिले. बांध पाहिल्यावर न बोलता पुढं जाणं शेतकऱ्याला जमत नाही.

"बायनाबाई," ते म्हणाले. त्या नावापुढं 'बाई' त्यांनी पहिल्यांदाच लावलं. "मधी वाकलाय गं जरा. पानी फोडंल तितं."

"वाकला न्हाई पाटील, उताराला धरून घेतलाय. तुमच्याच रानात शिकले."

दत्तराव "हूं" म्हणून गेले. त्या पावसाळ्यात पाणी बांधाला टेकून उभं राहिलं, आणि माती पहिल्यांदाच ओढ्यात गेली नाही.

बायनाबाईच्या सातबाऱ्यावर जमिनीपुढं जुना शेरा अजून तसाच आहे: दगडाळ, लागवडीस अयोग्य. दगड बांधात आहेत.