दाव्याला बांधलेल्या सायकली

मळवलीतल्या आमच्या घराशेजारच्या बंगल्याच्या रखवालदाराला सगळे आबाच म्हणतात. नाव मलाही ठाऊक नाही. मालकांच्या चार महागड्या सायकली आबांनी गॅरेजात ठेवल्यात, बैलांसारख्या दाव्यानं खुंट्यांना बांधून. रोज सकाळी एकेक सोडतात, हातात धरून अंगणात फिरवतात, पुसतात, पुन्हा बांधतात.

एकदा पायरीवर बसून मी विचारलं, "आबा, तुम्ही का नाही बसत सायकलवर?"

"दुसऱ्याचं जनावर हाय. फिरवायचं, बसायचं न्हाई. उभं ऱ्हायलं की पाय आखडत्यात. तुमची हाय का?"

"आहे की. मागच्या खोलीत, गाद्यांखाली."

"मंग फिरवतं कोन?"

मी उठलो. गुडघा कटकन वाजला.

आबांनी गुडघ्याकडं बोट केलं. "पयलं ह्याला सोडा."