मुळावकर मास्तरांचे क्रियापद

थोर शिक्षक कधी मरत नाही, तो आपल्या विद्यार्थ्यांत उरतो, असे म्हणतात. मुळावकर मास्तर महिन्यापूर्वी गेले. तिसऱ्या तासाला शिपाई चिठ्ठी घेऊन आला, मी ती वर्गात वाचून दाखवली, आणि मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, मंग आज सुट्टी हाय का?" सुट्टी नव्हती. मी पुढचा धडा काढला.

घाटंजीच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत एकाच कपाटाचे दोन कप्पे आम्ही सोळा वर्षे वापरले. पुस्तकी इंग्रजीचा त्यांना मनापासून कंटाळा. आमच्या मुलांच्या इंग्रजीत प्रत्येक गोष्ट 'डे बाय डे इन्क्रीज' व्हायची, मग ती लोकसंख्या असो, ज्ञान असो की ऊन. रशियाचा उपग्रह आकाशात गेला त्या दिवाळीच्या सुमारास मास्तरांनी बाजारातून एक बाण आणला, शाळेच्या मैदानात बाटलीत उभा केला आणि नववीच्या वर्गासमोर पेटवला. "हळूहळू वाढते ते इन्क्रीज," ते म्हणाले, "आणि हे असं वाढलं, की रॉकेटेड. जिवंत माणसं बोलतात तसं बोला बाबूहो." बाण मुख्याध्यापकांच्या कौलांवर जाऊन विझला. मास्तरांची अट एकच होती. वाक्य आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे हवे, पुस्तकातले आणले तर शून्य. पुढे वर्षभर आमच्या गावात सगळेच रॉकेटेड होते. तुरीच्या डाळीचा भाव, तंबूतल्या सिनेमाची गर्दी, कोणाच्या तरी मोठ्या भावाच्या मिशासुद्धा.

पुढच्या श्रावणात तपासणी आली. भिंतींना चुना लागला, तहसीलदारांच्या बंगल्यावरून कुंड्या उसन्या आल्या. मुख्याध्यापकांनी दोन हुकूम काढले. त्या दिवशी गैरहजर राहील त्याचे नाव पटावरून कमी होईल, आणि साहेबांसमोर कोणी मनचे वाक्य बोलणार नाही. प्रत्येकाला एकेक वाक्य वाटून दिले गेले. मास्तर म्हणाले, "पाठच करायचं तर पोपट आणू, त्याले चुना लागत नाही." मुख्याध्यापक हसले नाहीत. त्या आठवड्यात गावचा बाजार लवकर उठला होता... का उठला, ते आम्ही कोणी विचारले नाही. आम्ही कुंड्या मांडत होतो.

इंग्रजीच्या तासाला साहेब खुर्चीवर बसले. मुख्याध्यापक त्यांच्या शेजारी उभे राहिले, आणि कोणी अडखळले तर सांगायला मला मागे उभे केले. एकामागून एक वाक्ये निघाली. मग अनुसया उठली. ओढ्यापलीकडे नुकतेच बौद्ध झालेल्यांची वस्ती आहे, तिथली ती मुलगी. तिच्या वाट्याला कापसाच्या भावाचे वाक्य होते. तिने ते म्हटले नाही. ती म्हणाली, "द सिक पीपल इन अवर वस्ती हॅव रॉकेटेड."

"व्हेरी गुड," साहेब म्हणाले आणि वहीत काहीतरी टिपले. "क्रियापद कसं जिवंत वाटतं पाहा."

मुख्याध्यापकांनी पुढच्या मुलाला खूण केली. तो उठलाही. मास्तरांनी त्याला हातानेच थांबवले. खडू त्यांच्या बोटांत तसाच होता.

"किती, बाई?"

"काल दोघं व्हते सर. आज मी निघाली तवा अकरा." ती थांबली. "वकून राह्यले सारे. माह्या मायले बी पहाटेपासून..."

"मंग तू शाळेत काहून आली?"

"नाव कमी करतो म्हनलं व्हतं ना सर."

पटकी किंवा कॉलरा हा शब्द वर्गात कोणीच उच्चारला नाही, पण पुढच्या बाकावरच्या दोन मुलांनी आपली बैठक तिच्यापासून जराशी सरकवली. मास्तरांनी खडू टेबलावर ठेवला. मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले, "मुळावकर, तास होऊ द्या. पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे." मास्तरांनी कोट काढून खुर्चीला अडकवला, अनुसयाला म्हणाले, "चाल, माय," आणि दोघे दाराबाहेर पडले. खिडकीतून मला दिसले, ते दवाखान्याच्या दिशेने पळत होते. मास्तर तेव्हा पन्नाशीचे होते आणि त्यांना पळता येत नव्हते.

कंपाउंडरला सुया घेऊन बाहेर काढेपर्यंत बराच वेळ गेला. ते वस्तीवर पोहोचले तेव्हा अनुसयाची माय गेली होती. वस्तीची विहीर ओढ्याला लागून, पुराचे पाणी तिच्यात उतरलेले. मास्तर दिवस मावळेपर्यंत तिच्या काठावर बसून राहिले आणि कोणाला बादली सोडू दिली नाही. दोन शिव्या खाल्ल्या, एकीने त्यांच्यावर माती फेकली. शाळेच्या विहिरीचे पाणी बैलगाडीने नेले, उकळून पाजले. आणखी तिघे गेले, बाकीचे वाचले. पंधरा मिनिटे लवकर पळाले असते तर काय झाले असते, हा हिशेब मास्तरांनी माझ्यापाशी कधी केला नाही. मी त्यांना कधी विचारलेही नाही.

अनुसया पंधरा दिवसांनी वर्गात आली. तिच्या गैरहजेरीच्या खान्यांत मास्तरांनी आपल्या पेनाने हजर लिहिले. ते क्रियापद मात्र त्यांनी पुन्हा शिकवले नाही. त्याऐवजी रोज तास सुरू होताना फळ्याकडे वळण्याआधी विचारत, "घरी कोण आजारी आहे?" आणि हात वर होईपर्यंत थांबत... परवा त्यांचा तास मला दिला. मी आत गेलो, पुस्तक उघडले, तर तीन हात आधीच वर होते.

तपासणीचा शेरा दीड महिन्याने आला. दप्तरासाठी त्याची नक्कल हवी होती आणि माझे अक्षर बरे, म्हणून ती मीच केली. 'शब्दसंग्रह उत्तम. वर्गनियंत्रण असमाधानकारक, शिक्षक तास संपण्यापूर्वी निघून गेले. उरलेली वाक्ये मराठीच्या शिक्षकांनी म्हणवून घेतली. ती बिनचूक होती.'