केबलच घ्या!

सायकल दुरुस्तीच्या दुकानात किस्से आपोआप साठतात, डब्यातल्या जुन्या नटांसारखे. जळगावात माझं दुकान चाळीस वर्षं आहे. लोकांच्या फजितीचे किस्से मी भरपूर सांगितले. हे माझे आहेत.

*

सकाळी सायकल चालवणाऱ्यांचा एक ग्रुप दुकानासमोर चहाला थांबतो. त्यातले डॉक्टर नवी रोड बाइक घेऊन आले. मागचा गिअर अडखळत होता. मी म्हटलं, "केबल ढिली असेल." हँडलची टेप सोडली, फ्रेमखाली वाकून बघितलं. केबल सापडेना! डॉक्टर सभ्य माणूस. मला कसं सांगावं, म्हणून नुसते घुटमळत होते. शेवटी शेजारचा चहावाला भगवान ओरडला, "नाना, काय धुंडी ऱ्हायनात? हाई बठ्ठं बॅटरीवर शे!" केबल नव्हतीच; बटणाला बोट टेकलं की बॅटरीच गिअर बदलायची.

शाळा सातवीपर्यंतच, पण सायकलीतलं मला सांगायची आजवर कोणावर वेळ आली नव्हती. टेप पुन्हा गुंडाळताना मी मान वर केली नाही.

*

त्या दिवसापासून बॅटरीच्या गिअरशी माझं वैर. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "गिअरला चार्जर लावता, मग पायांनाही लावा!" सगळे हसायचे. मला बरं वाटायचं.

*

ग्रुपची धुळ्याची राइड ठरली. आदल्या दिवशी डॉक्टर सायकल ठेवून गेले. "नाना, तेवढी बॅटरी चार्ज करा."

लावली.

पारोळ्याच्या पुढे गिअर बंद! डॉक्टर एकाच जड गिअरवर, मांड्या चोळत, धुळ्याला पोचले. परत आल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "केबलने असा दगा दिला असता का?"

दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची माझी जुनी सवय. दुसऱ्या दिवशी स्विचला हात लावला, तेव्हा लक्षात आलं. बॅटरी लावली त्या संध्याकाळीही पाडला होता. चार्जर बंदच राहिला होता.

कोणाला बोललो नाही.

*

त्याच आठवड्यात ग्रुपमधल्या वंदनाताई आल्या. दवाखान्यात नर्स आहेत. "नाना, नवी सायकल घेतेय. बॅटरीचे गिअर घेऊ की केबलचे? माझी बोटं जरा..."

"केबलच घ्या, ताई! डॉक्टरांचं काय झालं, बघितलं ना?"

त्यांनी घेतली.

*

वर्षाने ती सायकल सर्व्हिसिंगला आली. गिअरची केबल बाहेर काढली, तर एकही तार तुटलेली नाही! सगळा ग्रुप चहाला जमलेला. मी केबल उंच धरली. "बघा! वर्ष झालं, नवीकोरी! आहे का बॅटरीत दम?"

सगळे हसले. वंदनाताईही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "नाना, मला संधिवात आहे. गिअरचा खटका बोटांनी दाबलाच जात नाही. एकाच गिअरवर चालवते. म्हटलं, नानांनी सांगितलंय म्हणजे विचार करूनच सांगितलं असेल."

मी चाकाकडे पाहिलं. मागच्या दातेरी चकत्यांपैकी एकच झिजली होती.

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "चूक माझी आहे, ताई. माझीच बॅटरी नेमकी तेव्हा बंद पडली."

माझा केबल धरलेला हात अजून वरच होता.