मायचे कंचे

माझी माय लहानपणी नवेगाव बांध या गावी, तळ्याच्या पाळीवर, पोरांबरोबर कंचे, म्हणजे काचेच्या गोट्या, खेळायची. पोरीनं मातीत बसून नेम धरला म्हणून घरी मार खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटीभर कंचे जिंकून आणायची. आम्हा दोघा भावांना तिनं हे इतक्यांदा सांगितलं होतं, की तिच्या भावाबहिणींपेक्षा ते कंचेच आम्हाला जास्त ओळखीचे होते.

गेल्या दोनेक वर्षांपासून ती विसरायला लागली. आधी भाजीत मीठ, मग माणसं. एकदा तिनं तांदळाच्या कोठीत दूध ओतलं. त्या रविवारी मी ते धाकट्याला फोनवर सांगत होतो. तो बंगलोरला असतो. फोन स्पीकरवर होता आणि माय बाजेवर लाखोरीची डाळ निवडत बसली होती.

धाकटा हसत म्हणाला, "शी हॅज लॉस्ट हर मार्बल्स, दादा."

डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला इंग्रजीत असं म्हणतात, हे मला त्याच्या सुरावरूनच कळलं. मायनं मान वर केली.

"कोन्ती मार्बल? आपल्या घरी त साधी फरशी हाये."

"फरशी नाही, माय. कंचे! तुझे कंचे हरवले म्हणलो."

त्याच्या मते ती गंमत होती. मायचे हात डाळीत तसेच थांबले.

त्या दिवसापासून ती शोधायला लागली. पेटी, देव्हारा, गाद्यांच्या खोळी. माझ्या बायकोनं तिला सकाळी आंघोळ घातली, की दुपारी माय तिलाच म्हणायची, "तूनंच नेले माह्ये कंचे. माहेरी धाडलेस." बायको स्वयंपाकघरात निघून जायची. मी आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारातून कंच्यांची पुडी आणली. मायनं एकेक कंचा उजेडात धरून पाहिला आणि पुडी माझ्या हातात परत दिली.

"हे माह्ये नोहोत. मले पागल समजून रायलास का?"

एका दुपारी मी माझ्या दुकानात असताना बायकोचा फोन आला, माय घरात नाही. मी शटर अर्धवट ओढून धावलो. बाजार पाहिला, देऊळ पाहिलं. शेवटी एसटी स्टँडवर सापडली. एका गाडीत खिडकीशी बसली होती आणि कंडक्टर तिच्यापुढे हात जोडून उभा होता.

"तुमची माय हाये का, भाऊ? उतरूनच नाही रायली."

"मले पाळीवर जायचं हाये," माय म्हणाली.

मी तिला खाली ओढणार होतो. पण तिनं समोरच्या सीटचा दांडा असा घट्ट धरला होता, की माझ्यानं ते झालं नाही. घरी फोन केला आणि दोन तिकिटं काढली. गाडी बदलून संध्याकाळी तळ्यावर पोचलो. माय पाळीवर थोडी चालली, पायानं माती उकरली, पाण्याकडे पाहत उभी राहिली.

"इथं नोहोय," म्हणाली. परतताना माझ्या खांद्यावर झोपली.

मी धाकट्याला सगळं सांगितलं. चार दिवसांनी तो आला, तिच्या पायांशी बसला.

"माय, इंग्रजीत तसं म्हणायची पद्धत असते. खरंच काही हरवलं नाही तुझं."

मायनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"हरवलं त हाये, बापू. मले समजते. काय, ते सांगता नाही येत."

धाकटा उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला.

गोंदियाच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. माय झोपते खूप. शोधणं कमी झालं आहे, बोलणंही. डॉक्टर म्हणाले, "दरवाजा खुला मत छोड़िए," म्हणून मी तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. ती बसवताना माय शेजारी उभी राहून सुताराला विचारत होती, "कोनाच्या घरचं काम हाये हे?"