बाईंच्या बत्तीस जोड्या

बाई फोनवर बोलू लागल्या की परक्याला वाटावं, एसटी स्टँडवरचा कंट्रोलर बिघडलाय. ‘अंबड सात. बीड बीड. चार फुलंब्री. दौलताबाद नऊ.’ असं सलग बत्तीस वेळा. मग पलीकडच्याने तेच सगळं परत वाचून दाखवायचं. एक जोडी अडखळली की बाई शांतपणे म्हणायच्या, ‘पहिल्यापासून.’

आमची पाण्याचं काम करणारी छोटी संस्था होती. दुष्काळात वाड्यावस्त्यांकडून टँकरची मागणी यायची. ती पोचवायला शहरात, फुलंब्रीत आणि सोयगावात एकमेकांशी बोलणारे आमचे तीन सर्व्हर होते. प्रत्येकाला एक सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र. आणि त्याचा फिंगरप्रिंट, म्हणजे अंक आणि ए ते एफ या अक्षरांच्या बत्तीस जोड्या. बाई त्याला ठसा म्हणत. समोरच्याचा ठसा आपल्या सर्व्हरच्या फाइलीत लिहून ठेवायचा. जुळला तर निरोप आत, नाहीतर बाहेर. सर्टिफिकेट बदललं की ठसा बदलायचा आणि बाईंचं पारायण सुरू व्हायचं. अक्षर ऐकताना घोटाळा नको म्हणून प्रत्येकाला त्यांनी एकेक गाव दिलं होतं. फक्त ई साठी वेरूळला एलोरा म्हणावं लागतं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. माणसापेक्षा आवाजावर त्यांचा विश्वास. ईमेलवर आलेला ठसा त्या बघायच्याही नाहीत. सोयगावचा सर्व्हर तात्यांच्या दुकानात होता. तात्या मेंढपाळाच्या घरातले, बिडीने छाती पोखरलेली. ‘कागद कुणीही पाठवेल,’ बाई म्हणायच्या, ‘तात्यांचा खोकला कुणाला जमेल?’ आम्ही हसायचो. पण एकदा फुलंब्रीच्या नावाने खोटा निरोप आला होता आणि टँकर शहराबाहेरच्या एका नव्या प्लॉटिंगच्या बांधकामावर रिकामा झाला होता. ही सगळी ठशांची भानगड बाईंनी त्यानंतरच शिकून घेतली, वयाच्या साठीत, चष्मा कपाळावर सरकवत.

त्यांचा मला सगळ्यात जाच व्हायचा तो शेवटच्या नियमाचा. कागदावरून ठसा टाइप केला की तो पुन्हा पडद्यावरून वाचायचा, सगळाच्या सगळा, आणि समोरून एक निरोप आत आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मी म्हणायचो, ‘बाई, सुरुवात-शेवट जुळलं की झालं.’ त्यावर ठरलेलं उत्तर: ‘अरे, चूक काय दारात उभी राहते? ती मधल्या खोलीतच बसते.’

त्या उन्हाळ्यात बाई दवाखान्यात होत्या आणि सोयगावचं सर्टिफिकेट बदललं. तात्यांनी फोनवर ठसा वाचला, मी लिहून घेतला. तेवढ्यात घरून फोन आला, नळ आलाय. आमच्या पुंडलिकनगरात तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही तासभर. मी घाईने ठसा टाइप केला, पहिल्या चार आणि शेवटच्या चार जोड्या बघितल्या, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि पळालो. मधे कुठेतरी एफ-पाचचं पाच-एफ झालं होतं. त्या दिवशी मी घरचे सगळे ड्रम भरले. पातेलीसुद्धा भरली.

दोन दिवस सोयगावहून एकही निरोप आला नाही. मला वाटलं, तिकडे टँकर वेळेवर जातायत. तात्यांना वाटलं, निरोप पोचतायत. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. एका वस्तीवर टँकर गेलाच नव्हता, आणि तळ गाठलेल्या विहिरीत उतरलेली तिथली एक बाई पाय घसरून पडली होती. जीव वाचला, पण कंबरेखालचं अंग गेलं.

मी दवाखान्यात जाऊन बाईंना सगळं सांगितलं. नळाचंही. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘तिचं नाव काय?’

मला माहीत नव्हतं.

‘विचारून घे.’

मी तिथूनच तात्यांना फोन लावला. ठकूबाई. बाईंनी ते नाव एकदा उच्चारलं आणि मला घरी जायला सांगितलं. चार दिवसांनी त्या गेल्या.

दहाव्याला तात्या आले होते. चहा हातात धरून म्हणाले, ‘बाईंचा फोन आल्ता मला, दवाखान्यातून. म्हनल्या, तात्या, पोरानं टाइप केलेला ठसा फोनवर म्याच तपासून घेतला, माझ्याच्यानं मधलं सुटलं. लई रडल्या हो. मी म्हनलं, बाई, तुमी आजारी, व्हतंय असं.’

बोलायची ती वेळ होती. बाईंची सून समोर बसली होती, घरात माणसं होती; कारणं हवी तेवढी सापडतात. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज आजही जात नाही. रस्त्यात टँकर दिसला की मी मान वळवतो.

गेल्या महिन्यात सोयगावचं सर्टिफिकेट पुन्हा बदललं. तात्यांनी सांगितलेला ठसा मी लिहून घेतला, परत वाचून दाखवला, पडद्यावरून पुन्हा वाचला, तात्यांचा निरोप आत येईपर्यंत बसून राहिलो. तात्या फोनवर खूश होते.

‘बेस झालं, भाऊ,’ ते म्हणाले. ‘तुमचं काम लई चोख हाय. बाईंसारखं मधलं सोडत नाय तुमी.’

मी ‘हो’ म्हणालो आणि फोन ठेवला.