फोटोला घातलेला हार

माझे वडील गेले असं आम्हाला आजवर कुणीही सांगितलेलं नाही. आहेत असंही नाही. एकाहत्तरच्या लढाईत ते लखनौच्या छावणीतून निघाले तेव्हा मी आईच्या पोटात होते. पुढे तार आली, 'बेपत्ता'. त्यानंतरही तोच शब्द येत राहिला, खाली सही करणारे साहेब तेवढे बदलले.

आई साताऱ्याला परत गेली नाही. हे आले तर याच गावात शोधतील, म्हणून तिने इथेच लखनौत शाळेत नोकरी धरली. बारा वर्षं उलटल्यावर काका आले. म्हणाले, वहिनी, दर्भाचा पुतळा करून संस्कार उरकून घेऊ, शास्त्रात सोय आहे. आई म्हणाली, "असेल हो भावजी. पण आधी सरकारला विचारा, माणूस कुठे ठेवलात." तिने कुंकू पुसलं नाही. अशाच दुसऱ्या घरांतल्या बायकांबरोबर ती दिल्लीला खेटे घालत राहिली आणि दर वेळी तिथल्या लोकांनी त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती याचीच. सायकल चोरीला गेली तरी पोलीस येऊन चार प्रश्न विचारतात हो.

गेल्या वर्षी इथल्याच हजरतगंजमधल्या एका सभागृहात सैनिकांच्या पत्नींचा सत्कार होता. आयोजक घरी येऊन वडिलांचा फोटो मागून घेऊन गेले. आई ऐंशीला टेकलेली, गुडघे धरलेले, तरी ठेवणीतली हिरवी साडी नेसून निघाली.

स्टेजवर फोटो मांडला होता. त्याला झेंडूचा भलामोठा हार, पुढे दिवा, खाली 'शहीद' अशी पाटी. माइकवरचा माणूस म्हणाला, "माताजी, पुष्प अर्पित कीजिए।" आई फोटोपाशी गेली, तिने हार उतरवून टेबलावर ठेवला आणि पाहुण्या साहेबांना विचारलं, "भैया, ये कहाँ मिले? किसने देखा?"

साहेब गडबडले. "माताजी, इतने साल हो गए। अब तो मान ही लेते हैं न।"

मान ही लेते हैं. अरे, तुम्ही कोण परस्पर मानून घेणारे? पन्नास वर्षांत एकाला शोधायला सवड झाली नाही, आणि मारून टाकायला झेंडूची फुलं पुरली? मी जागेवरून उठून हे सगळं बोलले, मराठीत, हिंदीत, तोंडाला येईल तसं. शाल-नारळ तिथेच ठेवून, फोटो काखोटीला मारून आम्ही बाहेर पडलो.

ऑटोत माझा पट्टा चालूच होता. आई म्हणाली, "तू एवढी चिडू नकोस गं. मला तर हार बघून आधी बरं वाटलं."

"बरं कसलं?" मी विचारलं.

"वाटलं, यांना काहीतरी कळलंय. आता सांगतील."